कुलदैवताची मेणबत्ती

यागोदाचं खातं बंद पडल्याचं तिला भाजीच्या गाडीसमोर कळलं. हातात चार वांगी, काखेत लसणाच्या पातीची जुडी आणि दुसऱ्या हातात फोन. गाडीवरच्या चौकोनी कोडसमोर तिने फोन धरला, तर पडद्यावर लाल पट्टी आली: या खात्यावरून नियमबाह्य मजकूर पसरवण्यात आला आहे, सबब खातं गोठवण्यात येत आहे. तिने पुन्हा फोन धरला. पुन्हा लाल पट्टी. चीनमधल्या लुओयांगमध्ये पैसे, निरोप, फोटो सगळं एकाच ॲपवरच्या खात्यात असतं; खिशात नोटा घेऊन फिरणारा माणूस आता शोधूनही सापडत नाही, यागोदाही त्याला अपवाद नव्हती. भाजीवालीने पट्टीकडे पाहिलं, यागोदाकडे पाहिलं, आणि तिच्या हातातली वांगी काढून परत ढिगावर ठेवली.

यागोदा चपापली खरी, पण क्षणभरच. चौपन्न वर्षांची, सहा फूट उंच, आवाज असा की व्हॉलीबॉलच्या मैदानाच्या त्या टोकाची पोरगीसुद्धा दचकून सरळ उभी राहावी. सर्बियातल्या क्रुशेवात्स गावाहून येऊन अकरा वर्षं तिने इथल्या क्रीडाशाळेत मुली तयार केल्या होत्या. आणि भिंतीच्या बाबतीत तर तिचा हात धरणारं शहरात कोणी नव्हतं. भिंत म्हणजे बाहेरचं जग अडवणारी ती इंटरनेटची भिंत, आणि ती ओलांडायला जे ॲप लागतं त्याला इथले लोक शिडी म्हणतात. नवा परदेशी शहरात आला की तो आधी पोलिसात नाव नोंदवायचा आणि मग यागोदाकडे यायचा. ती त्याला दरडावायची, शिडी विमानात बसायच्या आधी घ्यायची, इथे उतरल्यावर शिडीचं दुकानसुद्धा भिंतीपलीकडे असतं. पक्षाचं मोठं अधिवेशन असेल त्या आठवड्यात फोन अपडेट करायचा नाही. आणि ग्रुपवर वाद घालायचा नाही, अगदी नूडल्सवरूनसुद्धा नाही. तिचं ऐकणारे सुखात राहिले, न ऐकणारे महिनाभर घरच्यांशी बोलू न शकता रडत बसले.

अशी ही बाई. पोहणाराच बुडतो म्हणतात ते काही खोटं नाही.

घरी परतताना जिन्यातच तिच्या लक्षात आलं काय झालं असेल ते, आणि ती दोन पायऱ्यांच्या मध्येच थांबली. मेणबत्ती.

सर्बियात प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, आपल्याकडे कुलदैवत असतं तसाच. वर्षातून एकदा त्याचा दिवस येतो. त्या दिवशी घरात उंच मेणबत्ती लावायची, गोल पाव कापायचा, आणि शिजवलेल्या गव्हात साखर-अक्रोड घालून आधी गेलेल्यांच्या नावाने एकेक चमचा खायचा. यागोदाच्या घराण्याचे संत म्हणजे सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याची आई हेलेना, त्यांचा दिवस तीन जूनला. हा कुलाचार बापाकडून मुलाकडे जातो, पण यागोदाला भाऊ नव्हता. वडील गेल्यावर आई, वुकोसावा, तो चालवत होती. यंदा फेब्रुवारीत आईही गेली. यागोदा पोचली तेव्हा थडग्यावरची माती ओलीच होती. परत येताना तिने आईच्या कपाटातून मधमाशांच्या मेणाची एक मेणबत्ती उचलली, आणि काल, घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा, ती चीनमध्ये लागली. तिने हौसेने फोटो काढला, सगळ्या परिचितांना दिसेल असा त्याच ॲपवर टाकला. खाली आपल्या भाषेत एक ओळ लिहिली आणि ॲपला तिचं चिनीत भाषांतर करायला सांगितलं. यंत्राने ते करून दिलं: मेलेल्यांना आम्ही विसरलो नाही, विसरणारही नाही.

तीन जूनच्या संध्याकाळी, चीनमध्ये, जळती मेणबत्ती आणि खाली हे वाक्य. एकोणनव्वद साली चार जूनला राजधानीच्या चौकात लष्कराने निदर्शक विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या त्याबद्दल इथे कोणी बोलत नाही, आणि त्या आठवड्यात तर ॲपमधलं मेणबत्तीचं छोटं चित्रसुद्धा नाहीसं होतं. हे यागोदाला ठाऊक नव्हतं असं नाही. दरवर्षी ती नवख्यांना बजावायची, या आठवड्यात मेणबत्ती, फुलं, रणगाडा काही टाकू नका. पण तिच्या डोक्यात कालचा दिवस जूनचा नव्हताच, तो कॉन्स्टंटाइनचा होता. सरकारच्या तारखेला देवाचं पंचांग कळत नाही, एवढी एकच गोष्ट नवख्यांना शिकवायची राहिली होती, आणि ती नडली तिलाच.

पैसे अडकले, भाजी अडकली, मुलींच्या पालकांचे ग्रुप अडकले, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. ती घाबरली ती वेगळ्याच कारणाने. सर्बियात सगळे वापरतात ते फोनचं ॲप इथे भिंतीपलीकडचं. शिडी कधी लागते, कधी मध्येच घसरते. म्हणून अकरा वर्षांपूर्वी यागोदाने आईच्या फोनवर हे चिनी ॲप घातलं. टायपिंग म्हातारीला जमलं नाही, पण बटण दाबून बोलायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. मग काय, रोज सकाळी यागोदा उठायची तेव्हा आईचे सात-आठ निरोप वाट बघत असायचे. शेजारणीची सून, पाद्र्याचा गुडघा, लोणच्याच्या मिरच्या, सगळं. आईचा आवाज या जगात आता तेवढ्याच एका ठिकाणी होता. लाल पट्टीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ज्याचं खातं निर्दोष आहे अशा एखाद्या चिनी मित्राने आज मध्यरात्रीपर्यंत हमी दिल्यास खातं पुन्हा सुरू होईल, अन्यथा ते सर्व मजकुरासह कायमचं काढून टाकलं जाईल.

परदेशी मित्रांची हमी चालत नव्हती. म्हणजे ज्यांनी तिच्या शब्दावर विमानातून उड्या मारल्या असत्या ते सगळे बिनकामाचे. अकरा वर्षांत यागोदाने इथे कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि त्याचा तिला जरा जास्तच अभिमान होता. तो अभिमान तिने जिन्यात ठेवला आणि ती मियाओकडे गेली.

मियाओ श्यूचिन तिची सहाय्यक. दोघींनी मिळून किती तरी संघ घडवले होते. एकीने ओरडायचं आणि दुसरीने रडणाऱ्या पोरीला पाणी द्यायचं, अशी त्यांची वाटणी होती. मियाओ व्यायामशाळेत जाळं बांधत होती. यागोदाला पाहून तिने हातातली दोरी सोडलीच नाही, उलट आणखी घट्ट ओढली. म्हणजे तिने फोटो पाहिला होता. शाळेत सगळ्यांनीच पाहिला असणार आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी चालली असणार.

"ताई, मेणबत्ती लावायला तुम्हाला दुसरा दिवस नाही मिळाला?"

"तारीख मी नाही ठरवली. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी ठरली आहे."

मियाओला हसू आलं, पण ते तिने गिळलं. मग यागोदाने हमीचं सांगितलं. आईच्या आवाजाचंही सांगितलं, सरळ, आडपडदा न ठेवता. मियाओने जाळ्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"माझ्या पोराची सरकारी नोकरीची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे," ती म्हणाली. "घरच्या सगळ्यांची खाती तपासतात. दुसरं काहीही मागा ताई. माझी किडनी मागा."

"किडनीने खातं उघडत नाही गं."

यागोदाला तिचा राग आला नाही. नव्वदच्या दशकात तिच्या गावीही लोक फोनवर हवापाण्याशिवाय काही बोलत नसत. बापाने तर रेडिओवरच्या बातम्या उशीखाली दडपून ऐकल्या होत्या. भीती म्हणजे काय ते तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. तिने मियाओच्या पाठीवर थोपटलं, कालचे गहू बरेच उरलेत असं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीही घरात मेणबत्ती लागते हेही सांगून टाकलं.

तेवढ्यात सचिव फानचं बोलावणं आलं.

फान योंगनियान शाळेतला पक्षाचा सचिव. बारीक, नेटका, साठीला टेकलेला माणूस. थर्मासमधला चहा पिताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं, कारण तो दर वेळी घोट घ्यायच्या आधी समोरच्याला बाहेर पाठवायचा. यागोदाच्या मते तो ताकास तूर लागू न देणारा माणूस होता. अकरा वर्षांत त्याचं स्वतःचं असं एकही मत तिने ऐकलं नव्हतं. आताही त्याने सुरुवात केली ती वरून फोन आल्याची, आणि आपण फक्त निरोप पोचवत असल्याची. शाळेला लेखी माफीपत्र हवं होतं. मजकूर त्याने तोंडीच सांगितला. मला या दिवसाबद्दल काही माहीत नव्हतं, मेणबत्ती लावली ही चूक झाली, यापुढे लावणार नाही.

यागोदाने विचारलं, "एवढं लिहिलं तर तुम्ही हमी द्याल? साहेब, तुमचं खातं तर धुतल्या तांदळासारखं असेल."

फानने गोंधळून तिच्यादेखतच चहाचा घोट घेतला आणि त्याला ठसका लागला. ते पाहता येईल, असं तो म्हणाला, आधी लिहा.

तिने कागद पुढे ओढला. आई असती तर म्हणाली असती, लिही गं पोरी, आम्ही तर आमच्या कम्युनिस्ट मार्शलच्या काळात असली पत्रं पायलीला पन्नास लिहिली, कागद काय चावतो? आणि खरंच, तीन ओळींत आईचा आवाज परत मिळत होता. यागोदाने पेन टेकवलं. पहिली ओळ तिला लिहिता आली नाही, कारण तिला माहीत होतं, आणि समोरच्यालाही माहीत होतं की तिला माहीत आहे. दुसरी तर मुळीच लिहिता आली नाही. आईच्याच मेणबत्तीला चूक म्हणायचं आणि त्या बदल्यात आईचा आवाज घ्यायचा, हा सौदा तिच्या घशाखाली उतरेना. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी चीडही येत होती. पोरींना ती नेहमी सांगायची की सर्व्हिस करताना हात थरथरत असेल तर चेंडू जोरात मार. तिने लिहिलं, आणि कागद फिरवून फानसमोर सरकवला.

फानने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "मेणबत्ती मी आईसाठी आणि माझ्या घराण्यातल्या सगळ्या मृतांसाठी लावली. तो आमचा कुलाचार आहे. पुढच्या वर्षीही लावीन. भाषांतर वाईट झालं, त्याबद्दल क्षमा असावी." त्याने चष्मा काढला. "कोचबाई, हे माफीपत्र नाही. हे तर पुढच्या वर्षीचं आमंत्रण झालं."

"आमच्यात या सणाला आमंत्रण नसतं, साहेब. बोलावलं की अपमान समजतात. ज्याला आठवण असते तो आपण होऊन येतो, आणि आला त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत."

फान तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला. मग त्याने कागद खणात टाकला, ठीक आहे, तुम्ही या, असं म्हणाला, आणि ती बाहेर पडेपर्यंत थर्मासला हात लावला नाही.

म्हणजे हमीची आशा संपली. यागोदाने दुपारचा सराव घेतला, नेहमीपेक्षा जास्त ओरडली, आणि एका पोरीच्या सर्व्हिसवर इतकी खूष झाली की तिच्या डोक्यावर टप्पल मारली. घरी येऊन तिने टेबलावर पांढरा कपडा घातला. गव्हाचा वाडगा, उरलेला पाव, लाल वाइन. अर्धी जळलेली मेणबत्ती मधोमध ठेवून पेटवली. दार उघडं टाकलं, कारण या दिवशी दार लावत नाहीत. कोणी येणार नाही हे तिला माहीत होतं. पण कोणी आलं तर दार बंद होतं असं व्हायला नको होतं. अजून उजेड होता. खाली अंगणात म्हाताऱ्या बायका संध्याकाळच्या नाचासाठी स्पीकर लावत होत्या.

पहिली आली मियाओ. हातात टरबूज, मान खाली. यागोदाने तिला एक शब्द बोलू दिला नाही. वाडगा पुढे केला, चमचा दिला, हे गेलेल्यांसाठी, तुझ्या घरच्यांचंही नाव घे म्हणाली. मियाओने आजीचं नाव घेतलं, चमचाभर गहू खाल्ले, आणि ते गोड आहेत म्हणून तिला फार नवल वाटलं. मेलेल्यांसाठी गोड करतात होय, असं तिने दोनदा विचारलं. मग ती टरबूज कापायला बसली. दोघी हमीचा विषय टाळून बोलत होत्या, म्हणजे फक्त त्या पोरीच्या सर्व्हिसबद्दल बोलत होत्या.

जिन्यात पावलं वाजली. दारात फान उभा होता. शर्टाची वरची गुंडी लावलेली, हातात काही नाही. मियाओच्या हातातली सुरी टरबुजातच राहिली.

"दार उघडं होतं," फान म्हणाला.

"उघडंच असतं. बसा साहेब."

तो बसला, पण मेणबत्तीच्या अगदी समोर नाही, जरा बाजूला. खिडकी लावू का म्हणून त्याने विचारलं. यागोदाने नको म्हटलं. त्याने पाव खाल्ला, वाइनला ओठ लावले. मग यागोदाने वाडगा त्याच्यापुढे केला आणि गव्हाचं काय करतात ते सांगितलं. फानने चमचा भरला आणि तसाच धरून ठेवला.

"दुसऱ्या घरचं नाव चालतं?" त्याने विचारलं.

"मेणबत्ती लागली की सगळी नावं घरचीच."

"फान योंगमिंग," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ. विद्यापीठात होता, राजधानीत. एकोणीस वर्षांचा." आणि त्याने गहू तोंडात घातले.

मियाओने काही ऐकलंच नाही अशा बेताने टरबुजाची फोड कापली आणि फानच्या ताटलीत ठेवली. फान गहू चावत राहिला, बराच वेळ, एवढ्या चावण्यासारखं त्यात काही नसताना. यागोदाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. हा माणूस वर्षानुवर्षं तिच्या वरच्याच मजल्यावर बसत होता आणि ती त्याला मत नसलेला समजत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

खाऊन झाल्यावर फानने रुमालाने तोंड पुसलं आणि खिशातून फोन काढला. त्याचा आवाज पुन्हा कचेरीतला झाला. "तुमच्या पत्रात भाषांतराची चूक तुम्ही स्पष्ट मान्य केलेली आहे. शाळेच्या दृष्टीने ते पुरेसं आहे. परदेशी प्रशिक्षिकेच्या खात्याची जबाबदारी सचिवावरच येते, तसा नियम आहे."

तसा नियम नव्हता. मियाओला ते माहीत होतं, यागोदालाही. फानने यागोदाचा फोन मागून घेतला, पट्टीखालचा आकडा आपल्या फोनवर टाकला, स्वतःचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला, डोळे मिटले, उघडले, पुन्हा एकदा ओळख पटवली. त्याचं बोट शेवटच्या बटणावर जरा थांबलं. मग त्याने ते दाबलं.

लाल पट्टी गेली. कालचा फोटोही गेला होता, त्याच्या जागी करडा चौकोन. पण खाली, निरोपांच्या यादीत, वुकोसावा होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, अंगणात कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी.

"लावा ना ताई," मियाओ हळूच म्हणाली. "आहे का बघा तरी."

यागोदाने हाताला लागेल तो निरोप दाबला. खोलीत म्हातारीचा आवाज घुमला, खणखणीत, तिखट, मध्ये खोकला, मागे कोंबड्यांचा कालवा. यागोदा हसायला लागली आणि हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणतात?" फानने विचारलं.

"म्हणते, शेजाऱ्याच्या कुत्र्याने आपलं सॉसेज पळवलं. मी त्याच्या दारात जाऊन अर्धं परत आणलं. ते आता खायचं की फेकायचं?"

मियाओ खदखदून हसली. फानही हसला. त्याला हसताना दोघींनीही पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने फोनकडे पाहिलं, त्या रुमाल बांधलेल्या बाईकडे.

"आमच्याकडे त्याचा एक फोटो आहे," तो म्हणाला. "आवाज नाही. आईला जाईपर्यंत आठवत होता. मला आता आठवत नाही तो कसा बोलायचा ते. फार प्रयत्न केला."

खाली अंगणात नाचाचं गाणं सुरू झालं होतं. यागोदाने उठून खिडकी लावली, त्या गाण्यात आईचा आवाज बुडू नये म्हणून. फान जायला उठला नाही. त्याने खुर्ची जराशी टेबलाकडे ओढली, आता मेणबत्तीच्या बरोबर समोर, आणि फोनकडे बोट केलं.

"पुन्हा लावता का?" तो म्हणाला.

त्या भाषेतला एक शब्दही त्याला कळत नव्हता. यागोदाने निरोप पुन्हा लावला, आणि तो संपल्यावर त्याच्या पुढचा, आणि त्याच्या पुढचा.